आधी खुर्ची, मग मी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही फसणार. लाल चकचकीत रेक्झिन, तोंड दिसेल असे लखलखीत हात, पाय ठेवायच्या जाळीवर गंजाचा ठिपकासुद्धा नाही. तुम्हाला वाटेल, ही खुर्ची कालपरवाच विकत आणलेली असावी. अहो, केस कापायच्या दुकानात उभं राहून माझा जन्म गेला! वरचं सगळं नवं आहे, आतली हाडं मात्र जुनीच आहेत. मला रिनोव्हेट केलंय. हा इंग्रजी शब्द मी मोठ्या हौसेने शिकले होते. आता कोणी तो उच्चारला तरी नकोसा होतो. का होतो, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म फाउंड्रीत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझी बैठक केली. ती इतकी जड झाली की मला उचलायला चार माणसं लागत आणि चौघंही मला शिव्या घालत. माझ्या हातांवर पांढरा गुळगुळीत मुलामा होता. मागे मान टेकायला छोटी उशी होती, ती वरखाली सरकायची. बाजूला एक दांडा होता. तो दाबला की मी बसलेल्या माणसाला घेऊन सावकाश वर जायचे. लहान मुलांसाठी माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकत. त्या फळीवर बसून पोरं आधी भोकाड पसरत आणि मी वर जायला लागले की रडता रडता हसायला लागत. त्यांचं ते शेंबडं हसू मला फार आवडायचं.

मला विकत घेणारा माणूस तेव्हा तरुण होता. दुकान चढाच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाला लागून, आणि वरच्या मजल्यावर त्याचं घर. केसांना हात लावण्याआधी तो कात्री हवेतच दोनचारदा कचकच वाजवायचा. त्यावरून पोरांनी त्याचं नाव ठेवलं कात्रीकाका. पुढे पोरांचे बापही त्याला कात्रीकाकाच म्हणायला लागले. माझ्या मते त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच तेवढं आठवत असेल, आणि ती तर लेक शाळेत असतानाच गेली.

काकांच्या हाताबद्दल काय सांगू! पोरं फारच रडायला लागली की काका फुगा फुगवायचे, त्याला साबणाचा फेस फासायचे आणि त्यावरून उघडा वस्तरा फिरवायचे. फेस निघून यायचा आणि फुगा जसाच्या तसा. पोरं तोंडात बोट घालून बघत राहायची. लग्नाच्या दिवशी दाढी करायला आलेले नवरे माझ्यावर बसत तेव्हा त्यांचेच गुडघे थरथरत, काकांचा हात नाही. मी तर लोकांना सरळ सांगितलं असतं, बाबांनो, डोळे मिटून झोप काढा. आणि लोक झोपतही असत. गळ्यावर पातं असताना घोरणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझंही कौतुक व्हायचं बरं का. “काका, खुर्ची असावी तर अशी,” असं लोक म्हणत. काका फडक्याने माझे हात पुसत आणि म्हणत, “ही आहे म्हणून मी आहे.” मी फुगून जायचे. मला तेव्हा ते नुसतं प्रेमाचं बोलणं वाटायचं.

मग एक दिवस सरांची हनुवटी कापली. हे सर म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. शाळा सुटली तरी शिकवायची सवय काही सुटली नव्हती. दाढी होईपर्यंत ते एखाद्या शब्दाचा जन्म, शिक्षण, लग्न सगळं सांगून टाकत. त्या दिवशी ते बोलत होते आणि वस्तरा हनुवटीच्या वळणावर जरासा घसरला. रक्ताचा थेंब फेसावर आला. काकांनी चटकन तुरटी लावली आणि म्हणाले, “खुर्ची डुगडुगते हो सर. माफ करा.”

मला असा राग आला म्हणून सांगू! मी डुगडुगते? मी, जिला हलवायला चार माणसं लागतात? माझ्या बुडाखालचा एक वायसर झिजला होता, हे कबूल. पण पाण्याने भरलेली वाटी माझ्यावर ठेवली असती तर एक थेंब सांडला नसता. मी मनातल्या मनात काकांना चांगलंच फैलावर घेतलं. सर गेले. मग काकांनी आपला उजवा तळवा माझ्या पाठीवर टेकवला आणि तसाच ठेवला. त्या तळव्यातून एक बारीक थरथर माझ्यात उतरायला लागली. ती थांबेचना. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार भीती वाटली.

त्या दिवसापासून मी ठरवलं की हलते तर हलते. घ्या माझ्यावर. लोखंडाच्या खुर्चीला बोल लागला तर काय बिघडतं? काकांनी माझ्या बुडाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. ती चपटी झाली तेव्हा दुसरी सारली. सगळ्या रस्त्याला कळलं की कात्रीकाकांची खुर्ची बिघडली आहे. कुणाचा कान खरचटला, कुणाच्या मानेवर रेघ उठली. “काका, ही खुर्ची एकदाची बघा हो,” असं म्हणून लोक तुरटी लावून घेत आणि पुन्हा येत. खरंच सांगते, येत. माझ्यावर बोल होता म्हणून त्यांना यायला तोंड होतं.

फसली नाही ती एकटी लेक. ती दोन गल्ल्या सोडून बायकांच्या पार्लरमध्ये काम करते. केस कापायला तीही बापाकडूनच शिकलेली. दुपारी डबा घेऊन आली की ती नुसती काकांच्या हाताकडे बघायची. काका लगेच हात खिशात घालायचे. एके दुपारी डब्याचं झाकण त्यांच्या हातून सुटलं आणि गरगरत माझ्या पायाशी आलं. तेव्हा मात्र ती बोलली.

“बाबा, आपण डॉक्टरकडे जाऊ या.”

“झाकणासाठी?”

“थट्टा नको. हात दाखवू या.”

“हाताला काय धाड भरली आहे? खुर्ची हलते, त्याला हात काय करणार?”

“झाकण काय खुर्चीवर होतं?”

मी श्वास रोखून ऐकत होते. काकांनी झाकण उचललं, पुसलं, पुन्हा पुसलं. मग म्हणाले, “असं करू. आधी खुर्ची, मग मी. खुर्ची नीट करून घेतो. त्यानंतरही कुणाला लागलं तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. झालं समाधान?”

तिने नाही म्हणायला हवं होतं. मी आतून ओरडत होते, पोरी, नाही म्हण, आत्ताच्या आत्ता त्यांना हाताला धरून ने. पण तिलाही मनातून वाटत होतं की कोण जाणे, खुर्चीच असेल. आपल्या माणसाबद्दल असं वाटतंच. ती म्हणाली, “शब्द देताय ना?” काका म्हणाले, “दिला.” आणि त्या घरात डॉक्टरच्या आधी खुर्चीचा नंबर लागला.

दुकान काही दिवस बंद राहणार होतं, तेव्हा दारावर काय लिहायचं ते काकांनी सरांना विचारलं. “खुर्ची बिघडली आहे असं लिहिलं तर लोक हसतील हो.”

“मग ‘रिनोव्हेशनसाठी बंद’ लिहा. भारदस्त वाटतं.”

“म्हणजे नक्की काय?”

सरांना असं विचारलं की झालंच. ते फेसाळलेल्या तोंडानेच सरसावून बसले. “रिनोव्हेट. त्याच्या पोटात बघा, ‘नव’ लपलाय. आपला नव आणि त्यांचा नोव्ह, एकाच घरातले भाऊ. ‘रि’ म्हणजे पुन्हा. पुन्हा नवं करणं. आता लोक काय करतात, जुनं भंगारात टाकतात, नवं आणतात आणि खुशाल रिनोव्हेट केलं म्हणतात. चूक! वस्तू तीच राहिली पाहिजे. तिलाच परत उभं करायचं.”

मला भंगारात टाकणार नाहीत हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. शब्दाशी माझी ओळख झाली ती अशी.

“खुर्चीला चालतो ना तो शब्द?” काकांनी विचारलं.

“घराला लावतात, दुकानाला लावतात. परीक्षेत कोणी खुर्चीला लावला असता तर मी अर्धा मार्क कापला असता. पण तुमची खुर्ची काही घरापेक्षा हलकी नाही. तेव्हा चालेल.”

काका हसले. वाटीत ब्रश फिरवत, सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, “आणि माणसाला?”

“माणसाला काय?”

“माणसाला लावतात का तो शब्द, सर?”

सर समोरच्या आरशात बघत होते. काकांच्या हातातला ब्रश वाटीच्या कडेवर टकटक वाजत होता आणि तो आरशातही दिसत होताच. सरांनी ओठांवरचा फेस पुसला. मग हळूच म्हणाले, “नाही. माणसाला नाही लावत.” आपल्याच उत्तराने घाबरल्यासारखे ते घाईघाईने पुढे म्हणाले, “माणसासाठी दुसरे शब्द आहेत की! टॉनिकच्या बाटल्यांवर सगळे छापलेले असतात.” दोघंही मोठ्याने हसले. त्या हसण्यात काही दम नव्हता.

चार माणसं आली, शिव्या देऊन झाल्या आणि मी टेंपोत चढले. वर्कशॉपमधला मिस्त्री मोठा वाचाळ. मला पाहताच म्हणाला, “काय हो काका, आजीबाईंना काय झालं?” आजीबाई म्हणे! त्याने माझी पाठ धरून मला गदागदा हलवलं, खाली वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “एवढंसं हलते. याला कोण विचारतंय?”

“मी विचारतो,” काका म्हणाले. “वस्तरा माझ्या हातात असतो.”

मिस्त्री कामाला लागला. त्याने माझं जुनं रेक्झिन टराटरा फाडलं. आतला काथ्या बाहेर आला, त्यात कित्येक वर्षांचे केस अडकले होते, काळे, भुरे, पांढरे. पॉलिशपेपरने माझे हात घासले, मुलामा उतरवला, त्यावर निकेलचं पाणी चढवलं. फार दुखलं. काका रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि मी कशी नवी होते ते बघत राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. जणू माझ्या जागी ते स्वतःच होते आणि मिस्त्री त्यांचाच गंज घासून काढत होता. मला सगळं ठाऊक होतं. तरी मीसुद्धा वेड्यासारखी आशा करायला लागले.

शेवटी मिस्त्रीने झिजलेला वायसर काढून फेकला, नवा घातला आणि बुडाखालचे नट पाना लावून करकचून आवळले. “घ्या. आता भूकंप झाला तर घर पडेल, पण आजीबाई हलणार नाहीत.”

दुकान उघडलं त्या सकाळी चपलांच्या दुकानातली मंडळीसुद्धा मला बघायला आली. सर सगळ्यात आधी बसणार हे ठरलेलंच होतं. लेक पार्लरला न जाता दाराची चौकट धरून उभी राहिली. काकांनी माझी पाठ धरून मला हलवून पाहिलं. मी हलले नाही. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने हलायचा प्रयत्न केला. थोडं तरी करकरू दे, थोडं तरी कलू दे, असं म्हणत राहिले. नट इतके पक्के होते की माझं काही चाललं नाही.

वस्तरा गालावरून नीट उतरला. दुसऱ्या गालावरूनही उतरला. लेकीने दाराची चौकट सोडली. मग काकांनी सरांची हनुवटी वर केली आणि गळ्यावर पातं ठेवलं, आणि हात उडाला. मोठी जखम नव्हती, पण रक्त पांढऱ्या कापडावर पडलं ते सगळ्यांना दिसलं.

“मीच हललो,” सर लगेच म्हणाले. “गुदगुल्या झाल्या हो.”

“तुम्ही नाही हललात, सर,” काका म्हणाले. त्यांनी तुरटी लावली, वस्तरा पुसून मिटला आणि लेकीकडे न बघताच विचारलं, “कुठे यायचंय डॉक्टरकडे?”

डॉक्टरने काय सांगितलं ते लेकीने सरांना सांगताना मी ऐकलं. हा आजार बरा होत नाही. गोळ्यांनी थरथर थोडी कमी राहील, पण वाढत जाणार. आधी आला असतात तर अजून काही दिवस हात चालला असता. वस्तरा मात्र आता हातात घ्यायचा नाही. सर मान खाली घालून ऐकत होते. त्या खोलीत मी एकटीच चमकत होते, आणि मला माझीच लाज वाटली.

काकांनी वस्तरा सोडला, दुकान सोडलं नाही. “केस कापायला काय होतंय?” असं म्हणत ते रोज शटर वर करत. लोक आले, नाही असं नाही. पण आता कान खरचटला तर काय बोलायचं, हे कुणालाच कळेना. खुर्चीला बोल लावावा तर ती दगडासारखी घट्ट. “मीच मान हलवली, काका,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “मला शिंक आली.” किती वेळा शिंका येणार? लोक चांगले होते, म्हणूनच त्यांना खोटं बोलायला जड जायला लागलं. आया पोरांना घेऊन येईनाशा झाल्या. ओळखीची माणसं दारातूनच “काय काका, बरं आहे ना?” म्हणत आणि चढाच्या वरच्या टोकाला नवं दुकान होतं तिकडे जात. सर येत असत. पण तेही म्हणत, “आज नुसता बसतो. पाठीला बरं वाटतं.” त्यांची दाढी गुळगुळीत केलेली असे. काका ती बघत आणि हवापाण्याच्या गप्पा मारत.

मग ती दुपार आली. दुकानात चिटपाखरू नव्हतं. काकांनी शटर अर्धं ओढलं, कोपऱ्यातून पाना आणला आणि माझ्या पायाशी खाली बसले. मला आधी कळेचना. त्यांनी पाना माझ्या नटाला लावला. तो बसेना. लोखंडावर लोखंड नुसतं कटकट वाजत राहिलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा लावला. पाना निसटून फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला. पुन्हा कटकट. कपाळाला घाम, ओठ घट्ट मिटलेले. मला सैल करत होते हो ते! ज्या नटांसाठी इतके दिवस दुकान बंद ठेवलं, तेच नट सोडवत होते, आणि तेवढंही त्यांना जमत नव्हतं. देवाने मला त्या वेळी आपोआप गळून पडायची ताकद द्यायला हवी होती.

शटरखालून वाकून लेक आत आली. तिच्या हातात डबा होता. तिने बापाला माझ्या पायाशी बसलेलं पाहिलं, पाना पाहिला.

“काय करताय, बाबा?”

काका दचकले नाहीत. त्यांनी पाना तिच्यापुढे धरला. तो त्यांच्या हातात नाचत होता. “जरा सैल कर गं,” ते म्हणाले. “पूर्वीसारखी. ती हलत होती तोवर माणसं येत होती.”

मला वाटलं, ती रडेल. वाटलं, ती चिडेल. तिने डबा खाली ठेवला, बापाच्या हातातून पाना घेतला, त्यांच्याशेजारी फरशीवर बसली आणि नट फिरवायला लागली. मिस्त्रीने फार घट्ट आवळले होते, तिला दोन्ही हात लावावे लागले. एक सुटला. दुसरा सुटला. काका माझा हात धरून उभे राहिले आणि त्यांनी मला हलवून पाहिलं.

“बघ,” ते म्हणाले, “हलते की नाही?”

“हलते, बाबा,” ती म्हणाली. “फारच हलते.”

दुसऱ्या दिवशी काकांनी शटर पूर्ण वर केलं, पांढरं कापड झटकून हातावर घेतलं आणि माझ्या मागे उभे राहिले. दिवसभर उभे राहिले. कोणी आलं नाही. त्यानंतर शटर उघडलं ते लेकीने, आरसे पुसायला. काका वरच्या मजल्यावरच असतात. आता तीच त्यांचे केस कापते, वरच, साध्या स्टुलावर बसवून. मला खाली कात्रीचा आवाज ऐकू येतो. तो तिच्या हातातल्या कात्रीचा असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्च्या बहुतेक शेवटी सांगतात, आमच्यावर उड्या मारू नका, आम्हाला पावसात ठेवू नका. मी नाही सांगत. मला काही होत नाही. माझा वायसर कधीही मिळतो. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस म्हणेल, हा चमचाच वाकडा आहे, ही सुईच बोथट आहे, हा जिनाच हलतो. तुम्ही लगेच चमचा बदलायला धावाल. बदला हवं तर. पण त्याआधी त्यांचा हात आपल्या हातात घ्या आणि थोडा वेळ धरून ठेवा. आमच्या घरात काकांच्या हाताआधी माझी दुरुस्ती झाली.